शहराच्या वेशीपासून गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत

इ. स. २०१६ सालीं महाराष्ट्रांत बाजार समितीच्या आवाराबाहेर फळें व भाजीपाला विकण्याची मोकळीक झाली. तेव्हांपासून कित्येक शेतकरी मंडळ्या परभारें शहरांत माल विकूं लागल्या आहेत. परंतु वेशीपर्यंत राखलेला नफा वेशीच्या आंत नाहींसा होतो, असा पुष्कळांचा अनुभव आहे. त्याचें कारण व उपाय आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

सडकेनें जातांना मोटारीचें भाडें सगळ्या मालावर वांटलें जातें. तीच मोटार शहरांत दारोदार थांबूं लागली म्हणजे एकेका थांब्यास पांच-दहा किलोच माल उतरतो. तेल जळतें, वेळ मोडतो, पालेभाजी कोमेजते; धुराचा उपद्रव निराळाच. शिवाय पुष्कळ शहरांत दिवसा जड वाहनांस मज्जाव असतो.

यास उपाय म्हणजे वस्तीजवळ लहानसें उतार-ठाणें. मोटारीनें पहांटे एकाच जागीं माल उतरावा, व तेथून सायकलगाडीनें किंवा विजेच्या तीनचाकीनें तो घरोघर जावा. ही युक्ति परकी नव्हे. मुंबईचे डबेवाले १८९० सालापासून हेंच करीत आले आहेत. घरोघरचे डबे स्टेशनावर एकत्र होतात, झांकणावरील खुणेवरून त्यांची वांटणी होते, आगगाडीनें ते पुढें जातात, उतरल्यावर पुन्हां वांटणी होते, आणि सायकलीनें किंवा हातगाडीनें ते कचेरींत पोंचतात. हे लोक बहुतेक मावळ, खेड, जुन्नर भागांतील शेतकरी कुटुंबांतलेच आहेत.

ठाण्याची जागा निवडतांना तीन गोष्टी पाहाव्या. गिऱ्हाइकें सायकलगाडीच्या टप्प्यांत असावीं. जागेस सावली व पाणी असावें. आणि वाहतूक न अडवितां मोटार उभी राहावी.

मात्र हिशेब आधीं मांडावा. समजा, ठाण्याचें भाडें व मजुरी मिळून रोज ६०० रुपये लागतात. ३०० किलो माल आल्यास किलोमागें २ रुपये पडतात. १०० किलोच आल्यास ६ रुपये. म्हणून एकट्या मंडळीनें ठाणें घालूं नये. दोघीतिघींनीं मिळून घालावें, व खर्च मालाच्या वजनाप्रमाणें वांटून घ्यावा.

दुसरें असें कीं, प्रत्येक चढउतारींत टोमॅटोसारखा माल दबतो. यास्तव घरवार पिशव्या शेतावरच भरून त्यांवर पेठेची व घराची खूण करावी, म्हणजे ठाण्यावर माल पुन्हां उपसावा लागत नाहीं. डबेवाल्यांचें सारें रहस्य त्या खुणेंत आहे. ती साधली तर अखेरच्या कोसांत जाणारा पैसा शेतकऱ्याच्या पदरीं राहील. न साधली तर ठाणें म्हणजे आणखी एक खर्चाचें घर होईल.