मोर बघायला

"चला पाव्हणं, मोर दाखवतो," म्हणत दाजी सकाळी सातला सायकली बाहेर काढतात. इथे कुठला मोर, असं मी आता विचारत नाही. चार दिवसांत हा विनोद तिसऱ्यांदा होतोय. जर्मन भाषेत दलदलीला 'मोअर' म्हणतात आणि सातारकराच्या कानाला तो मोरच ऐकू येतो. ताई दारातून बजावते, "बाटल्या भरून घे. आणि चिखलाचे बूट बाहेरच काढा, दोघांनीही."

गाव मेपेन. उत्तर जर्मनीतलं एम्सलँड, डच सीमा सायकलवर तासाभराच्या अंतरावर. दाजी माझ्या टायरवर अंगठा दाबतात. "हवा काढा."

"अहो, आधीच मऊ पडलाय."

"काढा ओ. पुढं सगळा मुरूम आहे. टणक टायर उड्या मारतो, हातांना मुंग्या येतात."

माझ्याखालची ग्रॅव्हल बाइक दिसायला रेसर सायकल, तसंच खाली वळलेलं हँडल; टायर मात्र चाळीस मिलिमीटर रुंद. हवा सुटते, मी निघतो, आणि पहिल्या खडीवर दाजींचं पटतं.

गावातच हाज़े नदी एम्सला मिळते. डॉर्टमुंडहून येणारा कालवाही इथेच एम्समध्ये शिरतो. रूरच्या खाणींचा कोळसा समुद्राकडे न्यायला तो खणला आणि 1899 साली खुला केला. आम्ही बांधावरून उत्तरेला निघतो. डावीकडे नदी, उजवीकडे कापलेल्या गवताचा वास. नदी वळणं घेते, आणि जिथे घेत नाही तिथे ती माणसाने कापून सरळ केलेली असते. सोडून दिलेली वळणं बाजूला तळ्यांसारखी पडून आहेत, त्यांवर कमळाची पानं. मालवाहू बोट संथ चाललीय. मागे केबिन, दोरीवर वाळत घातलेले कपडे, छपरावर चक्क एक मोटार. आम्ही बोटीला सहज मागे टाकतो. सायकलने कुणालाही मागे टाकण्याचा आजचा हा पहिला आणि शेवटचा प्रसंग.

हारेन येतं. लहान गावाच्या मानाने चर्च अवाढव्य आहे. बाकावर बसून केळी खाताना दाजी सांगतात, "हे गाव तीन वर्षं पोलंडचं होतं." मला वाटतं, हाही मोरच. पण नाही. 1945 मध्ये दोस्त राष्ट्रांनी इथल्या जर्मन रहिवाशांना घरं खाली करायला लावून गाव पोलिश सैनिकांना आणि नाझी छावण्यांतून सुटलेल्या पोलिश लोकांना दिलं. पोलिश जनरल माचेक यांच्या नावावरून गावाचं नाव माचकुव झालं. जवळच्या ओबरलांगेनच्या छावणीत वॉर्सा उठावात लढलेल्या सतराशेहून अधिक पोलिश स्त्रिया कैदेत होत्या. पोलिश रणगाड्यांनीच त्यांना सोडवलं. 1948 मध्ये मूळ लोक परतले. समोरच्या बेकरीत एक आजीबाई पाव घेताहेत. वयाचा हिशोब मी मनात करतो, विचारायचं धाडस होत नाही.

इथून पश्चिमेला वळतो आणि वारा तोंडावर येतो.

हारेन ते र्‍युटनब्रॉक हा कालवा तेरा-चौदा किलोमीटर. पट्टीने आखल्यासारखा. काठाने बर्चची झाडं, अधूनमधून उचलता येणारे पूल, आणि त्यापलीकडे काही नाही. सपाट म्हणजे सोपं, ही माझी समजूत दोन किलोमीटरांतच गळून पडते. घाटात वळण असतं, वळणामागे काहीतरी असतं, माथ्यावर चहाची टपरी असते. इथे पुढच्या अर्ध्या तासात काय दिसणार ते सगळं आत्ताच दिसतंय. वारा थांबत नाही, उतार येत नाही, पायडल सोडलं की सायकल उभी. मी दाजींच्या मागच्या चाकाला चिकटतो. त्यांची पाठ हीच माझी भिंत.

"दम लागला का?"

"नाही, नाही," मी म्हणतो. ते न बोलता वेग कमी करतात.

र्‍युटनब्रॉकला दक्षिणेकडे वळलो की वारा आडवा होतो. आता दक्षिण-उत्तर कालवा सोबतीला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो दलदलीतून खणला, मुख्य म्हणजे पाणी काढून जमीन मिळवायला. गावं त्याच्या काठाने दोऱ्यात ओवल्यासारखी: घर, शेत, घर, शेत. दलदलीत वसलेल्यांची इथली एक म्हण दाजींना शेजाऱ्यांनी शिकवलीय. पहिल्या पिढीला मरण, दुसरीला हाल, तिसरीला भाकर.

आणि मग मोर.

मुरूम संपतो, काळी वाट सुरू होते. टायरचा करकर आवाज बंद पडतो. गादीवरून चालावं तसं सायकल मऊ दबते आणि वर येते. दोन्ही बाजूंना पाणी, कोऱ्या चहाच्या रंगाचं. त्यात हिरवट-तांबूस शेवाळाच्या गाद्या, त्यांवर पांढरी कापसाची बोंडं डोलताहेत. कापूस नव्हे, एक जातीचं गवत; मेअखेरीस असं फुलतं. टिटवीची युरोपातली चुलत बहीण, डोक्यावर तुरा मिरवणारी, ओरडत आमच्यावरून गिरक्या घेतेय. जवळपास पिल्लं असावीत. मी फोटोसाठी वाटेबाहेर एक पाय टाकतो.

"अहो, तिकडं न—"

घोट्यापर्यंत आत. बूट निघतो, पण आधी विचार करून.

हेच पीट. शेवाळ मरतं, पाण्याखाली हवा नसल्याने कुजत नाही, थरावर थर चढतो. वर्षाला साधारण एक मिलिमीटर. म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. आपल्या नर्सऱ्यांत ट्रेमध्ये कोकोपीट भरतात, त्या नावातला 'पीट' हाच. पलीकडे तो अजून निघतोय: फुटबॉलची पन्नास मैदानं एकत्र केल्यासारखी तपकिरी उघडी जमीन, तिच्यातून समांतर चर.

या पट्ट्यात 1933 ते 1945 दरम्यान नाझींच्या पंधरा छावण्या होत्या. त्यातल्या कैद्यांनी असे चर हातातल्या फावड्यांनी खणले. इथे सरळ रेष दिसली की ती कुणी ओढली, हा प्रश्न आता माझ्या मनातून जात नाही.

अलीकडच्या बाजूला उलटं काम चाललंय. चर बुजवलेत, बांध घातलेत, वर येणारी बर्चची रोपं मेंढ्या खाताहेत. सुकलेला पीट हवेत कार्बन सोडतो, म्हणून त्याला पुन्हा ओला करायचा. 2018 च्या कोरड्या सप्टेंबरात मेपेनजवळच्या लष्करी चाचणीक्षेत्रात रॉकेटमुळे दलदल पेटली, ती महिनाभराहून अधिक काळ धुमसत राहिली. "दीडशे वर्षं पाणी काढलं," दाजी म्हणतात, "आता पाणी अडवा चाललंय. जिरवा नाही हं, नुसतं अडवा."

ट्विस्ट गावाच्या पुढे शेतांत तेलाचे पंप माना हलवताहेत. पीटच्याही खाली तेल निघालंय. गायी त्यांच्याकडे पाहत नाहीत.

ग्रोस हेझेपेच्या दलदल संग्रहालयात एक नांगर आहे, नाव 'मॅमथ'. नांगर म्हटल्यावर डोळ्यांपुढे जे येतं ते विसरावं. तीस टन वजन, चाक माझ्याहून उंच. वाफेची इंजिनं तारेच्या दोराने त्याला ओढायची आणि तो दोन मीटरहून खोल जाऊन खालची वाळू वर आणि वरचा पीट खाली करायचा. 1950 मध्ये सरकारने एम्सलँडचा विकास ठरवला, पूर्वेकडून आलेल्या निर्वासितांना शेती हवी होती. हजारो वर्षांचे थर एका तासात उलटे. मी फाळावर हात ठेवतो. लोखंड उन्हाने तापलंय. अशी अचाट यंत्रं मला मनापासून आवडतात, आणि आज त्याची किंचित लाज वाटते.

परतताना वारा पाठीला. दोघेही बोलत नाही, सायकली आपोआप पळताहेत.

दारात ताई उभी. "दिसला का मोर?" मी बूट बाहेर काढतो, चाकं पाइपाखाली धरतो. फरशीवरून चहाच्या रंगाचं पाणी गटारीकडे जातं. दाजी मीटर वाचतात: अंतर 81 किलोमीटर, चढ 64 मीटर. साताऱ्यात यवतेश्वर घाटाच्या पहिल्या दोन-तीन वळणांत मी एवढा चढतो.