पडघ्याच्या तारा आणि मुंबईचा अंधार

खडवलीहून भातसा ओलांडून पडघ्याकडे निघालं, की विजेचे उंच मनोरे दिसू लागतात. पडघ्याच्या उपकेंद्रातून 400 केव्हीच्या वाहिन्या कळव्याकडे जातात. 12 ऑक्टोबर 2020 पर्यंत आपल्यापैकी कितीजणांना त्यांची नावं ठाऊक होती?

त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज गेली. लोकल जागच्या जागी थांबल्या, मुलांचे मोबाईलवरचे वर्ग बंद पडले आणि कोरोनाच्या रुग्णांनी भरलेली रुग्णालयं जनरेटरवर आली. ऊर्जामंत्र्यांनी सांगितलेलं कारण साधं होतं. एक सर्किट दुरुस्तीसाठी बंद, सगळा भार दुसऱ्यावर, आणि नेमका त्यातच बिघाड झाला.

वीज पाण्यासारखी टाकीत भरून ठेवता येत नाही. मागणी आणि निर्मिती क्षणोक्षणी जुळली तरच 50 हर्ट्झची लय टिकते. एक वाट बंद झाली की भार शेजारच्या वाटेवर धावतो, ती थकली की तिसरीवर. आपल्या घरात स्वयंपाकघराचा एमसीबी पडतो तेव्हा बैठकीची खोली उजेडात राहते ना? मुंबईसाठीही 1981 पासून तशीच सोय आहे. बाहेर संकट आलं की शहराने आपोआप वेगळं व्हायचं आणि ट्रॉम्बे, डहाणूच्या विजेवर चालायचं. त्या दिवशी ते बेट टिकलं नाही.

वेळेवर वेगळं होण्याचा फायदा महाराष्ट्राने पाहिला आहे. 31 जुलै 2012 रोजी निम्मा देश अंधारात गेला, पण पश्चिमेची ग्रिड तुटून बाजूला झाली म्हणून आपले दिवे चालू राहिले. तिथेही मूळ जागी, बिना–ग्वाल्हेर मार्गावर, एक सर्किट कामासाठी बंदच होतं! पुढे 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर वाहिनीने दक्षिणही जोडली आणि सारा देश एका लयीत आला. जोडणी वाढली तेव्हा तोडायच्या जागाही तितक्याच काळजीने ठरवायला हव्यात, असं आम्हाला वाटतं. भारनियमनाला आपण नावं ठेवतो. पण लय घसरताच काही फीडर आपोआप बंद होणं, हा उरलेल्यांना वाचवण्याचाच उपाय असतो.

2023 मध्ये खारघर–विक्रोळी ही 400 केव्हीची नवी वाहिनी सुरू झाली. बाहेरची वाट रुंद झाली. आता शहरातली महाग वीज कशाला, असं कुणी म्हणेल. ते संच तयार ठेवण्याचा खर्च आपल्या बिलात येतो, आणि तो द्यावा असं आमचं मत आहे.