गाते घर, ऐकते घर

२०२० सालचा गणेशोत्सव टाळेबंदीच्या छायेत पार पडला. ज्या कुटुंबांत दरवर्षी पुण्याचा, नागपूरचा, बडोद्याचा असा सारा गोतावळा एका घरी जमत असे, त्यांपैकी अनेकांनी त्या वर्षी संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर जमून आरती करण्याचे ठरविले. पडदा चौकटींनी भरला, प्रत्येक चौकटीत तबक, निरांजन आणि झांजा सज्ज झाल्या, आणि पहिल्याच कडव्यात आरतीचा बोजवारा उडाला. एकाचा स्वर दुसऱ्यापर्यंत उशिरा पोचे, दुसरा त्याच्यासाठी थांबे, तोवर तिसरा पुढच्या ओळीवर गेलेला असे. अखेर ठिकठिकाणी एकच तोडगा निघाला. एका घराने आरती म्हणावी आणि बाकीच्यांनी आपापले आवाज बंद करून ओठ हलवीत राहावे!

यामागचे कारण साधे आहे. एकत्र गाणाऱ्यांना परस्परांचा आवाज सेकंदाच्या तीन-चार शतांशांहून अधिक उशिरा ऐकू येऊ लागला की ताल सांभाळणे अवघड होते, आणि अशा संभाषणातील विलंब सहसा याच्या कित्येक पट असतो. शिवाय ही सारी यंत्रणा बोलण्यासाठी बांधलेली आहे. माणसाच्या बोलण्यामागे सतत चालू असलेला नाद म्हणजे पंख्याचा नाही तर रहदारीचा गोंगाट, अशी तिची समजूत असल्याने तानपुऱ्याचा अखंड स्वरही ती इमानेइतबारे गाळून टाकते. हजारो मैलांवरच्या नातवाचा चेहरा आजीला दाखविणाऱ्या तंत्रविद्येला त्या दोघांकडून एक आरती मात्र म्हणवून घेता आली नाही.

तथापि एकाने गावे आणि इतरांनी आवाज बंद ठेवावा, ही व्यवस्था काही २०२० मध्ये जन्माला आलेली नाही. मराठी घरांत ती त्यापूर्वीच रुजली होती. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे तर गाण्याच्या बाबतीत कुटुंब हे एके काळी उत्पादक होते, आता ते केवळ उपभोक्ता झाले आहे. गाणे घरात पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक वाजते, पण घर गात नाही. हे स्थित्यंतर कसे घडले, हे पाहण्यासारखे आहे. कारण त्याचा दोष ज्याच्या माथी मारला जातो तो आणि ज्याने ते घडविले तो, हे दोन्ही एकच नव्हेत.

पीठ आणि ओवी

घरातील गाण्यावर यंत्राने पहिला आघात केला तो ग्रामोफोनच्या रूपाने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. खेड्यांपुरते बोलावयाचे तर ती बरोबर नाही. तेथे तो आघात पिठाच्या गिरणीने केला.

पहाटेच्या अंधारात दोघीजणी समोरासमोर बसून जात्याचा खुंटा धरीत आणि ओवी सुरू होई. तिची लांबी आणि तिचा झोल जात्याच्या फेऱ्याने ठरत असे. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीचा विठ्ठल आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हेही या ओव्यांचे विषय झाले. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या पुण्यात काम करणाऱ्या अभ्यासकांनी १९८०च्या दशकापासून आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील एक हजाराहून अधिक गावांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. पुढे बर्नार बेल यांच्या साह्याने त्यांतील काही हजारांचे ध्वनिमुद्रणही झाले. हा ठेवा आज ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संकेतस्थळावरून कोणालाही ऐकता येतो. एक लाख हा आकडा सामान्य नव्हे. ज्यांच्या नावावर एक पुस्तक नाही, ज्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती, अशा स्त्रियांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात केलेली ही निर्मिती आहे.

अर्थशास्त्राच्या जुन्या पाठ्यपुस्तकांत संयुक्त उत्पादनाचे एक उदाहरण हमखास असते. मेंढीपासून लोकर आणि मांस अशा दोन्ही वस्तू मिळतात. एकीचा पुरवठा दुसरीपासून तोडता येत नाही. पीठ आणि ओवी यांचे नाते असेच होते. आधी तेलाच्या इंजिनावर आणि मग विजेवर चालणारी गिरणी गावात आली, तिने पीठ स्वस्त केले आणि बाईचे रोजचे दोन-तीन तास वाचविले. ओवीवर कोणी बंदी घातली नव्हती. तिला जन्म देणारे कामच घरातून उठून गेले. मोटेवरची गाणी मोटेबरोबर गेली, तीही याच न्यायाने.

येथे हळहळण्यापूर्वी थोडे थांबावे. जाते सुटल्याचे दुःख ज्यांनी ते कधी ओढले नाही, त्यांनाच अधिक होते. ओवीतील सासुरवासाची तक्रार ही काही काव्यप्रकाराची हौस नव्हती. जे सासऱ्यासमोर बोलण्याची मुभा नव्हती ते पहाटेच्या अंधारात दगडाला सांगितले जाई. गिरणी आली म्हणून एकाही बाईने सत्याग्रह केल्याचे ऐकिवात नाही!

दुर्भिक्षाचा लाभ

शहरी मध्यमवर्गाची कथा मात्र निराळी आहे. तेथे चावीच्या ग्रामोफोनने आणि १९२७ साली मुंबईत केंद्र सुरू झाल्यानंतर रेडिओने घरात प्रथमच परका आवाज आणला, आणि तो साधासुधा नव्हे, निवडक आवाज होता. तोपर्यंत घरातील काकूच्या गळ्याची तुलना फार तर शेजारच्या मावशीच्या गळ्याशी होत असे. आता ती बालगंधर्वांशी आणि पुढे लता मंगेशकरांशी होऊ लागली. ‘मला कुठे गाता येते?’ हे वाक्य मराठी घरांत तेव्हापासून अधिक ऐकू येऊ लागले असल्यास नवल नाही.

पण याच काळाने दुसरेही काही दिले. ज्या घरांतील मुलींना गाणे शिकविण्यासाठी बुवा ठेवणे वडिलधाऱ्यांना अप्रशस्त वाटे, त्या घरांतील मुली रेडिओवर ऐकून ऐकून शिकल्या. आकाशवाणीने स्वतः १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला आपल्या दारात मज्जाव केला होता, पण घरातील पेटी त्या फतव्याला जुमानीत नव्हती. आणि १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, आठवड्याला एक गीत, अशी छप्पन्न गीते वर्षभर चालली. नवे गीत प्रसारित झाले की त्याचे शब्द पुण्यातील वृत्तपत्रांत छापून येत. घरोघर ते कात्रण जपून ठेवले जाई आणि चाल स्मरणातून बसविली जाई.

हे का घडले? गीते उत्तम होती हे उघडच आहे. परंतु उत्तम गीते त्यानंतरही झाली. फरक असा की १९५५ साली श्रोत्याला ते गीत हवे तेव्हा परत ऐकता येत नव्हते. वाहून गेलेला स्वर धरून ठेवण्याचे एकच साधन बहुतेक घरांत होते, आणि ते म्हणजे स्वतःचा गळा. पुरवठा अपुरा होता म्हणून श्रोत्यालाच साठवण करावी लागली आणि साठविण्यासाठी गावे लागले. तंत्रविद्येने घर मुके केले असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. अपुऱ्या तंत्रविद्येने घराला गाते केले होते.

ते दुर्भिक्ष कॅसेटने संपविले. फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणलेली ही डबी १९८०च्या दशकात भारतात अक्षरशः रस्त्यावर विकली जाऊ लागली, आणि हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकणे प्रथमच सामान्य कारकुनाच्या आवाक्यात आले. ही लोकशाही होती, यात शंका नाही. मात्र जे कपाटात आहे ते पाठ करण्याचे कारण उरले नाही. कोऱ्या कॅसेटवर कित्येक घरांनी मुलांची बोबडी गाणी मुद्रित करून ठेवली, हा या काळातील एक सुखद अपवाद. त्या कॅसेटी आज माळ्यावर आहेत आणि त्या वाजविणारे यंत्र घरात नाही.

तरीही कॅसेटपर्यंत गाणे खोलीत होते. रेडिओ एक, त्याचे बटण एक आणि ऐकणारे सहाजण. त्यावरून भांडणे होत, आजोबांना नाट्यसंगीत हवे असे आणि नातवाला चित्रपटगीते. भांडणाचा निकाल कसाही लागो, दोघांच्याही कानावर दोन्ही पडे. एकाने ऐकल्याने दुसऱ्याचे ऐकणे कमी होत नाही आणि कोणाला वगळताही येत नाही, अशा वस्तूला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात. घरातील रेडिओ ही त्या अर्थाने कुटुंबापुरती सार्वजनिक वस्तू होती. १९७९ साली आलेल्या वॉकमनने तिच्या खाजगीकरणाचा पाया घातला आणि मोबाइल व त्याची कर्णयंत्रे यांनी ते पूर्णत्वास नेले. आता चारजणांच्या कुटुंबात गाण्यांचे चार स्वतंत्र संग्रह असतात, आणि प्रत्येकाची आवड ओळखून तीच ती अधिक पुरविण्यात यंत्र तत्पर असते. भांडण मिटले. त्याबरोबर सर्वांना ठाऊक असलेल्या गाण्यांचा सामायिक साठाही आटला. वीज गेल्यावर मेणबत्तीच्या उजेडात ज्या भेंड्या तासन् तास रंगत, त्या आज मामा-भाच्यांत पाच-दहा गाण्यांत का आटोपतात, याचे उत्तर येथे आहे. आठवण कमी झाली असे नव्हे. एकाला आठवते ते दुसऱ्याने ऐकलेलेच नसते.

रियाजाच्या खोलीतही असेच काही घडले. पूर्वी थोरली बहीण गायला बसली की धाकटीला तानपुरा छेडीत बसावे लागे. कंटाळा येई, बोटे दुखत, पण कानावर स्वर पडत आणि पुष्कळदा धाकटीही गाऊ लागे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरमध्ये इलेक्ट्रॉनिक तानपुरा तयार झाला आणि आज तो मोबाइलमध्ये फुकट मिळतो. धाकटीची सुटका झाली, ती योग्यच. खोलीत आता एकटी थोरली असते.

अंगाईला लागणारा वेळ

सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट पाळण्यापाशी घडत आहे. जॉन फिलिप सूझा या अमेरिकन बँडमास्तराने १९०६ साली यांत्रिक संगीताच्या धोक्यावर एक लेख लिहिला आणि उद्या बाळालाही यंत्रच निजविणार काय, असा सवाल केला. त्याची चिंता अगदीच निःस्वार्थी नव्हती. ध्वनिमुद्रिकांच्या विक्रीतून रचनाकारांना तेव्हा काही मिळत नसे, आणि त्याविरुद्ध तो झगडत होता. परंतु त्याचे भाकीत खरे ठरले. आज उशाशी मोबाइल ठेवून त्यावर अंगाई लावणे ही शहरातील घरांत नित्याची बाब आहे.

याला आईबापांचे वात्सल्य आटल्याचे लक्षण मानणे हा शुद्ध अन्याय होईल. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रयोगकलांच्या अर्थकारणावर लिहिताना एक मर्माची गोष्ट सांगितली. कारखान्यात तासाभरात होणारे उत्पादन दरवर्षी वाढते, पण चार वादकांना एक रचना वाजविण्यास जितका वेळ पूर्वी लागे तितकाच आजही लागतो. म्हणून इतर वस्तूंच्या मानाने ती कला महाग होत जाते. अंगाईचेही तसेच आहे. मूल झोपेपर्यंत गायला पणजीला जितका वेळ लागे, तितकाच नोकरी करून लोकलने घरी परतलेल्या आईला किंवा बापाला लागतो. त्या वेळाची किंमत मात्र कितीतरी वाढली आहे, आणि मुद्रित अंगाईची किंमत शून्यावर आली आहे. अशा स्थितीत माणूस काय निवडील, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

प्रश्न इतकाच की या दोन्ही वस्तू एकच आहेत काय? टोरांटो विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सँड्रा ट्रेहब आणि त्यांचे सहकारी यांनी १९९०च्या दशकात एक प्रयोग केला. मातांना तेच गाणे एकदा बाळासमोर आणि एकदा बाळ जवळ नसताना गाण्यास सांगून दोन्ही मुद्रित केले. कोणते गाणे बाळासमोर गायिलेले आहे, हे ऐकणाऱ्यांना बहुधा ओळखता आले. म्हणजे बाळ समोर असले की गळा आपोआप बदलतो. बाळाचे डोळे जड झाले की लय उतरते, ते दचकले की ओळ पुन्हा फिरून येते. मोबाइलमधली गायिका निःसंशय अधिक सुरेल असते. बाळ झोपले की नाही, हे तिला कळत नाही.

या सर्व पडझडीत आरती टिकून राहिली, ती तिच्या बेसूरपणामुळे. गाता येते की नाही, असे तेथे कोणी विचारीत नाही. संकटाची संकष्टी कित्येक घरांत पिढ्यान् पिढ्या झालेली आहे आणि गणपतीने ती तक्रार न करता ऐकून घेतली आहे. आता तेथेही काही घरांत मखराशेजारी मोबाइल ठेवून आरती लावली जाते. त्यातील लय ठरलेली असते. आजोबांना धाप लागली म्हणून ती थांबत नाही आणि लहान मुलाची झांज तिच्याशी जुळत नाही. थोड्या वेळाने मूल झांज खाली ठेवते.

याच मोबाइलमध्ये आवाज मुद्रित करण्याची सोय असल्याने अलीकडे पुष्कळ घरांत नातवंडांना एक चांगली बुद्धी सुचली आहे. आजीला ठाऊक असलेले पाळणे, हादग्याची गाणी, उरल्यासुरल्या ओव्या टिपून ठेवाव्यात म्हणून ती मोबाइल तिच्यापुढे धरतात. आजी पदर सावरते, घसा खाकरते आणि ‘आता कुठले आठवायला’ म्हणून गप्प बसते. घरातले तान्हे मूल तिच्या मांडीवर आणून ठेवले की मात्र तिचे गुडघे हलू लागतात, आणि शब्द एकामागून एक येऊ लागतात.