सव्वीस आठवडे

आमच्या घरात कागद फार. हे पडले हिशेबनीस. १९७८ साली आम्ही इंग्लंडात, लेस्टरला, संसार थाटला, तेव्हाची विजेची बिलंसुद्धा पोटमाळ्यावर सालवार लावलेली सापडतील! एक कागद मात्र त्या ढिगात नव्हता.

१९८१ च्या मार्चमध्ये माझं पहिलं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. सव्वीस आठवडे झाले होते. मी नर्सला विचारलं, "हिची नोंद कुठं करायची?" ती बिचारी खाली बघत म्हणाली, "अठ्ठावीस भरले नाहीत ना, म्हणून नोंद होत नाही."

तिचं खोटं नव्हतं. मृत जन्मलेल्या बाळांची नोंद इथं १९२७ पासून होई, पण अठ्ठावीस आठवड्यांनंतरचीच. १ ऑक्टोबर १९९२ ला ही मर्यादा चोविसावर आली. म्हणजे हेच दुःख साडेअकरा वर्षं उशिरा आलं असतं, तर सरकारी वहीत माझ्या लेकीसाठी एक ओळ निघाली असती! असो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं नोंदीबाहेर राहिलेल्या अशा बाळांसाठी प्रमाणपत्र सुरू केलं. आधी ते २०१८ च्या सप्टेंबरनंतरच्यांनाच मिळे. ऑक्टोबर २०२४ पासून कितीही जुनं चालतं. १९९२ पूर्वीच्यांना अठ्ठावीसचीच जुनी मर्यादा धरतात, म्हणून आमचे सव्वीस बसले. पैसे पडत नाहीत, डॉक्टरचा दाखला लागत नाही. कायद्याच्या दृष्टीनं त्या कागदाला किंमत शून्य, हेही सांगायला हवं. मला ती कुठं हवी होती?

धाकट्या लेकीनं मला संगणकापुढं बसवलं. "आई, बाळाचं नाव? नाही लिहिलं तरी चालतं."

"बाबांना विचार," मी म्हटलं. त्रेचाळीस वर्षांत आमच्यात तो विषय निघाला नव्हता.

वर्तमानपत्रातून मान वर न काढता हे म्हणाले, "सुमन."

माझ्या सासूबाईंचं नाव! मी मनातल्या मनात इतकी वर्षं तिला दुसऱ्याच नावानं हाक मारीत होते. ते मी कुणाला सांगितलं नाही. 'सुमन' लिहिलं.

कागद टपालानं आला, तेव्हा मला वाटलं, हे तो देवघरात ठेवतील. ह्यांनी शिडी मागवली. लेकीनं ती धरली. वर जाऊन ह्यांनी १९८१ ची फाईल काढली, आणि तारखेप्रमाणे, मार्चच्या जागी तो लावून टाकला.