सुट्टीत घरी आलेले मूल आणि घरातील सुरक्षितता

उन्हाळी सुट्टी लागली की वसतिगृहाच्या दारात पालकांची रांग लागते. ट्रंका आणि वळकट्या बाहेर निघतात. नोंदवहीत पालकाची सही, मुलाशी असलेले नाते, गाव आणि परत येण्याची तारीख लिहिली जाते. अधीक्षक म्हणून मी अनेक वर्षे ही वही सांभाळली. मूल ज्या घरी चालले आहे ते घर त्याच्यासाठी कितपत सुरक्षित आहे, हे विचारणारा रकाना तिच्यात कधीच नव्हता. वसतिगृहात फिनेल कुलपात असते, आजारी मुलांच्या गोळ्या अधीक्षकांच्या कपाटात असतात, रात्री फेरी होते. घरी यातले काही नसते आणि ते स्वाभाविकही आहे. घर म्हणजे वसतिगृह नव्हे. मात्र काही मुले अशा मनःस्थितीत घरी परततात की, काही आठवड्यांपुरती तरी घराला ही खबरदारी घ्यावी लागते. प्रस्तुत लेख त्या आठवड्यांविषयी आहे.

विषय अप्रिय आहे, याची जाणीव आहे. स्मरणिकेच्या पानांवर आनंदाच्या आठवणी शोभतात. परंतु राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांचा आत्महत्येने मृत्यू झाला आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या महाराष्ट्राची होती. ज्या समाजाने शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेतला, त्या समाजाला या आकड्याकडे पाठ फिरवता येणार नाही.

अशी घटना घडली की गावात एका वाक्यात निकाल लागतो: “नापास झाला म्हणून”, “आई रागावली म्हणून”. हे वाक्य जवळजवळ नेहमीच अपुरे असते. मनाचा आजार, घरातील ताण, अपमान, एकटेपणा, झोप उडणे असे अनेक धागे एकत्र पिळले गेलेले असतात. ते सगळे सोडवायला वेळ लागतो, डॉक्टरांची मदत लागते. मधल्या काळात मूल जिवंत राहिले पाहिजे. घर सुरक्षित करण्याचे प्रयोजन एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

“ज्याला मरायचेच आहे त्याला कोण अडवणार?” असे पालकसभेत हमखास कोणीतरी म्हणते. हे विधान चुकीचे आहे. मरणाची तीव्र ओढ बहुधा लाटेसारखी येते आणि ओसरते. ऑस्ट्रियातील एका रुग्णालयात प्रयत्नानंतर दाखल झालेल्या रुग्णांचा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यातील जवळजवळ निम्म्या रुग्णांनी सांगितले की, तो विचार मनात येणे आणि कृती करणे यांत दहा मिनिटे किंवा त्याहूनही कमी वेळ गेला होता. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर १९३७ ते १९७१ या काळात ज्यांना ऐनवेळी रोखण्यात आले, अशा ५१५ व्यक्तींचा पुढे मागोवा घेतला गेला. त्यांतील सुमारे ९४ टक्के लोक एक तर हयात होते किंवा नैसर्गिक कारणांनी वारले होते. अडवलेला माणूस दुसरा मार्ग शोधतोच, असे नाही; बहुतेक जण शोधत नाहीत. म्हणून त्या काही मिनिटांत घातक वस्तू हाताशी नसणे, याला जीव वाचवण्याइतके मोल आहे. किशोरवयात आवेग प्रबळ आणि विचार मागून येणारा, तेव्हा ते मोल अधिकच.

आपल्या शेतकरी घरांत यातील सर्वांत मोठा धोका ज्या वस्तूचा आहे, तिला आपण ‘औषध’ म्हणतो. कपाशीवरचे औषध, तणाचे औषध, उंदराचे औषध. शब्दच असा की भीती वाटू नये! ते माळ्यावर, गोठ्याच्या कोनाड्यात, कधी थेट धान्याच्या कोठीशेजारी ठेवलेले असते, आणि ते कोठे आहे हे घरातल्या लहानात लहान मुलालाही ठाऊक असते. कारण “जा, औषधाची बाटली आण” असे आपणच त्याला सांगितलेले असते.

या बाबतीत श्रीलंकेचा अनुभव बोलका आहे. तेथील सरकारने १९९५ पासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. पुढील वीस वर्षांत देशातील आत्महत्यांचे प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी उतरले, आणि बंदीमुळे शेतीचे उत्पन्न घसरल्याचेही आढळले नाही. माणसांची दुःखे संपली नव्हती. हाताशी असलेले विष तेवढे घातक उरले नव्हते. त्याच देशात ग्रामीण कुटुंबांना कीटकनाशके ठेवण्यासाठी कुलपाच्या पेट्या देण्याचाही मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१७ साली आले, आणि नुसत्या पेट्यांनी काही फरक पडल्याचे दिसले नाही. मला हा निष्कर्ष निराशाजनक वाटत नाही. तो शहाणे करणारा आहे. पेटी घरातच, किल्ली खुंटीला, तर कुलूप नावापुरतेच उरते. तमिळनाडूत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांच्या गटाने वेगळी वाट धरली: गावात एक सामायिक साठवणघर, प्रत्येक शेतकऱ्याला कुलपाचा स्वतंत्र कप्पा आणि देखरेखीला माणूस. त्या गावांत कीटकनाशकाने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्याचे आढळले. विष घराबाहेर गेले, हा यातला मुख्य भेद.

तेव्हा मुलाविषयी काळजी वाटत असेल, तर पहिले काम हेच. फवारणीची आणि तणाची सर्व औषधे घरातून हलवावीत. लपवू नयेत, हलवावीत. लपवलेली वस्तू मुले शोधतात, हे दिवाळीचा फराळ लपवणाऱ्या प्रत्येक आईला माहीत आहे. भाऊबंदांच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरी ठेवायची तर तेथेही किशोरवयीन मूल नाही ना, हे पाहावे. हंगामात एका फवारणीपुरतेच आणावे आणि उरलेले साठवू नये. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत तर ते कधीच ओतू नये. बाटलीवरची चिठ्ठी शाबूत राहू द्यावी, कारण दुर्दैवाने प्रसंग आलाच तर डॉक्टरांना तीच चिठ्ठी लागते.

शहरातल्या आणि नोकरदार घरांत हीच जागा गोळ्यांच्या डब्याने घेतलेली असते. आजीच्या रक्तदाबाच्या, आजोबांच्या साखरेच्या, झोपेच्या, तापाच्या, मुदत संपलेल्या, कोणाच्या ते कोणालाच न आठवणाऱ्या गोळ्या. नको असलेल्या काढून टाकाव्यात आणि लागणाऱ्या कुलपात ठेवून किल्ली एका जबाबदार माणसाने अंगावर बाळगावी. मुलाला स्वतःला मनाच्या आजारावर औषध चालू असेल, तर तेही त्याच्या हाती पूर्ण पाकिटाने न देता वेळच्या वेळी द्यावे. फिनेल, आम्ल, रॉकेल यांनाही हाच नियम.

प्रत्येक वस्तू कुलपात जात नाही, हे खरे. जेथे कुलूप पुरत नाही तेथे सोबत पुरवावी लागते. कठीण दिवसांत मुलाला रात्री एकटे झोपवू नये, शेतावर किंवा विहिरीवर एकटे पाठवू नये. खोलीची आतली कडी काही दिवस काढून ठेवावी. घरातल्या एकट्या आईवर हा भार टाकू नये. काका, मावशी, थोरला भाऊ यांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. मद्यपानाचे सावट असलेल्या घरात तर सोबतीची गरज दुप्पट असते, कारण दारूची बाटलीही त्या घरात मुलाच्या हाताशी असते.

हे सारे मुलाच्या नकळत करावे का? माझ्या मते नाही. चोरून केलेली व्यवस्था मुलाला पहाऱ्यासारखी वाटते. “तुझी काळजी वाटते, म्हणून हे काही दिवस बाहेर ठेवलं आहे” असे सरळ सांगितलेले त्याला पटते, निदान कळते.

विचारणेही सरळच असावे. मूल एकाएकी गप्प झाले, जेवण-झोप बिघडली, जिवाभावाच्या वस्तू वाटून टाकू लागले, “मी नसलो तर तुमचा त्रास वाचेल” असे बोलून गेले, किंवा फार अस्वस्थतेनंतर अचानक विलक्षण शांत झाले, तर जवळ बसून विचारावे: “बाळा, जगूच नये असं वाटतं का तुला?” असे विचारल्याने तो विचार मनात पेरला जातो, ही समजूत निराधार आहे. न्यूयॉर्क राज्यातील सहा माध्यमिक शाळांत दोन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना घेऊन याची परीक्षा झाली आणि २००५ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आत्महत्येविषयी प्रश्न विचारलेल्या मुलांचा ताण वाढला नाही, की मनात नवा विचार आला नाही. मुलाने “हो” म्हटले तर उपदेश करू नये, शपथा घालू नयेत, रडारड करू नये. ऐकावे, आणि त्या रात्री त्याच्याजवळच झोपावे.

आमच्या मुलांपैकी पुष्कळ जण घरातले पहिले शिकणारे असतात. “तुझ्यावरच सगळी आशा आहे” हे वाक्य आपण कौतुकाने म्हणतो. चौदा-पंधरा वर्षांच्या खांद्यावर ते किती जड बसते, हे अधीक्षकाच्या खोलीत रात्री अकरा वाजता येऊन बसणाऱ्या मुलांकडून मी ऐकले आहे. निकालाच्या आठवड्यात तरी हे वाक्य गिळावे, एवढीच पालकांना विनंती.

आणि कधी अघटित घडलेच, मुलाने काही प्यायल्याचा किंवा खाल्ल्याचा नुसता संशय आला, तरी क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे. मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. बाटली किंवा पाकीट सोबत न्यावे. “आता बरं वाटतंय” असे मूल म्हणाले तरी थांबू नये, कारण काही विषांचा परिणाम उशिरा दिसतो. पोलिसांच्या भीतीने कित्येक घरे येथे अडखळतात. रुग्णालय पोलिसांना कळवते ती नोंदीची रीत आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती, असेच कायदा गृहीत धरतो. पूर्वीच्या दंड संहितेतील शिक्षेचे कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ठेवलेलेही नाही.

एकदा प्रयत्न झालेल्या मुलाला नंतरचे महिने सर्वांत धोक्याचे असतात. अंगारे-धुपारे करण्यात ते दिवस घालवू नयेत. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात न्यावे, आणि दाखवलेल्या तारखा चुकवू नयेत. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र चालू असतो, निःशुल्क आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ आहे. हे दोन्ही क्रमांक आधी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून द्यावेत.

सुट्टी संपवून मूल परत येते तेव्हा घरी काय झाले ते अधीक्षकांना सांगावे. “सांगितलं तर शाळेतून काढतील” या धास्तीने पालक गप्प राहतात, आणि वसतिगृहातील कपाटाच्या किल्ल्या नेहमीसारख्याच टेबलावर राहतात. माझ्या शेवटच्या वर्षी एका वडिलांनी नोंदवहीतल्या परतीच्या तारखेशेजारी स्वतःच्या हाताने लिहिले होते: “फवाऱ्याचं सामान मेहुण्याकडे ठेवलं आहे. मुलगा रात्री जागतो. लक्ष असू द्यावे.” त्या रात्रीपासून फेरीच्या वेळी आम्ही त्याच्या खाटेशी थोडे अधिक थांबू लागलो.