६१७४ (कापरेकर स्थिरांक)

६१७४ ही एक सम नैसर्गिक संख्या असून ती 'कापरेकर स्थिरांक' या नावाने ओळखली जाते. देवळाली (जि. नाशिक) येथे १९३० ते १९६२ या काळात शालेय शिक्षक असलेले दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी तिचा गुणधर्म १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत मांडला.

कृती

चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करावी. येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा पुन्हा केल्यास जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या मिळते आणि पुढे तीच कायम राहते: ७६४१ − १४६७ = ६१७४.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला. ते वर्ष घेतल्यास ९९९१ − १९९९ = ७९९२ आणि पुढे क्रमाने ७१७३, ६३५४, ३०८७, ८३५२, ६१७४ अशा सहा पायऱ्या होतात. महाराष्ट्राच्या स्थापनेचे वर्ष १९६० हे प्रथम ९४४१ वर जाते, तेथून ७९९२ वर येते आणि पुढे हाच मार्ग धरते.

वजाबाकीत पुढे येणारे शून्य गाळू नये. २१११ पासून ०९९९ मिळते. ते ९९९ असे लिहिले तर पुढचे उत्तर शून्य येते. ०९९९ कायम ठेवल्यास मात्र ८९९१, ८०८२, ८५३२ या मार्गाने ६१७४ गाठता येते. विद्यार्थ्यांची गफलत बहुधा येथेच होते.

कारणमीमांसा

उतरत्या क्रमातील अंक अ, ब, क, ड मानल्यास वजाबाकी ९९९(अ − ड) + ९०(ब − क) इतकी येते. म्हणजे उत्तर चार अंकांवर नव्हे, केवळ या दोन फरकांवर ठरते. पहिला फरक १ ते ९ असू शकतो आणि दुसरा त्याहून मोठा असू शकत नाही. त्यामुळे अवघी ५४ उत्तरे संभवतात. १९९९ चे फरक ८ व ० आहेत, म्हणून ७९९२; ६१७४ चे ६ व २ आहेत, म्हणून ५९९४ + १८० = ६१७४. ही ५४ उत्तरे एकेक तपासली असता सर्वांची वाट ६१७४ कडेच जाते. वही-पेन्सिल घेऊन एका दुपारी करण्याजोगे हे काम आहे.

तीन अंकी संख्यांसाठी असा स्थिरांक ४९५ आहे. पाच अंकी संख्यांना एकही नाही. त्या चक्रांत फिरत राहतात. सहा अंकी संख्यांत ५४९९४५ व ६३१७६४ असे दोन आहेत.

इतर गुणधर्म

६१७४ = २ × ३² × ७³; तसेच १८³ + १८² + १८ = ६१७४. अंकांची बेरीज १८ असून तिने भाग दिल्यास ३४३, म्हणजे ७³ मिळतो. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या अशा संख्यांना 'हर्षद संख्या' हे नावही कापरेकरांनीच दिले. पदव्युत्तर शिक्षण नसलेल्या या शिक्षकाच्या कामाकडे भारतीय गणितज्ञांनी दीर्घकाळ करमणूक म्हणूनच पाहिले. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कापरेकर सत्तरीत होते.