रायफलचा धक्का : वजन आणि दस्त्याची रचना

शाळेतले बंदुकीचे गणित तुम्हाला आठवत असेल. गोळीच्या संवेगाला बंदुकीच्या वस्तुमानाने भागले की बंदूक मागे येण्याचा वेग मिळतो. बनशंकरीत मी हा भाग शिकवतो तेव्हा पुढचा प्रश्न हमखास येतो : मग सारख्याच वजनाच्या, एकच काडतूस उडवणाऱ्या दोन रायफलींपैकी एकच खांदा का दुखवते? त्यासाठी बंगळुरूचेच उदाहरण घेऊ.

केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) हे इथले शिकारी आणि लेखक. नरभक्षकांच्या मागावर ते .४०५ विंचेस्टर, मॉडेल १८९५ ही रायफल वापरत. तिची गोळी सुमारे १९.४ ग्रॅमची आणि वेग सुमारे ६७० मी/से. म्हणजे संवेग १३ किग्रॅ·मी/से. जळालेल्या दारूचा वायूही पुढे फेकला जातो. त्याचे ४ धरू. एकूण १७.

वजन : रायफल ३.७ किग्रॅची असेल तर मागे येण्याचा वेग ४.६ मी/से आणि गतिज ऊर्जा ३९ ज्यूल. तीच ४.५ किग्रॅची असेल तर ३.८ मी/से आणि ३२ ज्यूल. संवेग दोन्हीकडे १७च राहतो, पण ऊर्जा घटते. मात्र हे जादा वजन जंगलात दिवसभर वाहावे लागते.

दस्ता : दस्ता संवेग कमी करत नाही, तो खांद्यापर्यंत कसा पोहोचेल, हे ठरवतो.

१. वेळ : १७चा संवेग ०.०१ सेकंदात थांबला तर सरासरी बल १७०० न्यूटन. रबरी गादीमुळे तोच ०.०२ सेकंदात थांबला तर ८५० न्यूटन.

२. क्षेत्रफळ : अरुंद लोखंडी पट्टीपेक्षा रुंद, सपाट टोकामुळे खांद्यावरचा दाब कमी होतो.

३. रेषा : दस्ता नळीच्या रेषेखाली झुकलेला असेल तर धक्क्याची रेषा खांद्याच्या वरून जाते. त्यामुळे आघूर्ण निर्माण होते, नळी वर उसळते आणि दस्ता गालावर आदळतो. मॉडेल १८९५चा दस्ता असाच झुकलेला होता. म्हणून .४०५चा धक्का आकड्यांपेक्षा जास्त जाणवे.

हा प्रश्न केवळ दुखण्याचा नाही. धक्क्याच्या धास्तीने नेमबाज चाप ओढण्याआधीच दचकतो आणि नेम चुकतो. शिकारीत याचा अर्थ जखमी वाघ, आणि त्याच्या मागे झाडीत पायी जाणे.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर असा छंद राहिला नाही. पण तुमच्यापैकी कोणी एनसीसीत .२२ रायफल चालवत असेल. तिच्या २.६ ग्रॅमच्या गोळीचा संवेग जेमतेम ०.९, म्हणून धक्का नाममात्र. तरीही दस्ता खांद्याच्या खळगीत घट्ट धरायला शिकवतात. मधे फट राहिली तर रायफल आधी मोकळी वेग घेते आणि मग आदळते. घट्ट धरली तर तुमच्या शरीराचे वस्तुमान सुरुवातीपासून तिच्या जोडीला असते. मोठ्या रायफलीला लागणारी सवय इथेच लागते.

सरावासाठी : वरची ३.७ किग्रॅची रायफल ०.५ किग्रॅने जड केली, तर ऊर्जा किती होईल? रबरी गादी लावल्याने हे उत्तर बदलेल का? कारण लिहा.